नवव्या होलाची जागा

कोळगिरीचं गोल्फचं मैदान आठ होलांचं आहे. सहसा अशी मैदानं नऊ होलांची असतात, नाहीतर अठरांची. इथं आठवा होल झाला की खेळणारे पिशव्या उचलतात आणि खालच्या पायवाटेनं क्लबाकडे निघतात. वाटेत डाव्या हाताला कमरेइतक्या गवताचा एक तुकडा लागतो. तिथून जाताना जुने खेळाडू नाकाला रुमाल लावतात. वास कसलाच येत नाही. पाहुणे विचारतात, तेव्हा मैदानाची राखण करता करता म्हातारे झालेले सावळाराम अण्णा त्यांना तिथंच थांबवतात आणि ही हकिगत सांगतात.

मैदान केलं ते इथल्या संस्थानिकांनी, रणधीररावांनी. लोक त्यांना सरकार म्हणत. विलायतेहून परतताना ते हा खेळ घेऊनच आले. माळावर गवळ्यांची म्हसरं चरायची, ती हाकलली. गावविहिरीचं पाणी पाटानं वळवलं आणि प्रत्येक होलाभोवती गालिच्यासारखी हिरवळ राखली. खेळातला एक नियम सरकारांना फार प्रिय होता म्हणे. चेंडू जिथं पडेल तिथूनच मारायचा, मग तो चिखलात पडो की काट्यात. माणसाचं खानदान इथंच कळतं, असं ते चारचौघांत सांगत.

एका वैशाखात सगळा माळ करपून गेला. ठकूबाई गवळणीची भोरी नावाची म्हैस दावं तोडून नवव्या होलापाशी गेली आणि ओल्या हिरवळीत शिरली. गाभण होती, दिवस भरत आले होते. नेमका तिच्या खुराच्या ठशात सरकारांचा चेंडू जाऊन बसला. नियमाप्रमाणे त्यांनी तो तिथूनच मारला, फटका फुकट गेला, आणि बरोबर खेळणारा गोरा पाहुणा हसला. सरकारांनी बंदूक मागवली. बंदूक येईपर्यंत म्हैस चरतच होती.

गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या महारवाड्याच्या माथी मारलेलं. त्याप्रमाणे येसनाकाला बोलावणं गेलं. येसनाक दोर घेऊन आला. आजवर त्यानं किती ढोरं ओढली असतील त्याला गणती नव्हती. फुगलेली, किडे पडलेली, कुत्र्यांनी फाडलेली. त्या वासाचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. पण हिरवळीवर आल्यावर त्यानं पाहिलं, ठकूबाई म्हशीच्या पोटावर हात ठेवून बसली होती आणि त्या हाताखाली पोट हलत होतं. आतलं रेडकू अजून धडपडत होतं. मग तेही थांबलं.

सरकार बाजूला उभे राहून बुटावर उडालेलं रक्त रुमालानं पुसत होते.

“कातडं तुझं, मटण तुझं,” ते म्हणाले. “आज तुमच्या वस्तीत सण होईल. जाताना खुरांचे ठसे तेवढे बुजवून जा.”

येसनाक चार पावलं लांब गेला आणि भडाभडा ओकला. तोंड पुसून परत आला, तेव्हा त्यानं खांद्यावरचा दोर खाली टाकला.

“जल्म मढी ओढण्यात गेला, सरकार. मेल्याची किळस मला कवा आली न्हाई. आज आली ती जित्याची. ह्या कामाला माझा हात लागायचा न्हाई.”

त्याला झाडाला बांधून चाबकानं फोडून काढलं. वतन काढून घेतलं, झोपडी मोडली. तरी सांगतात, त्या वस्तीतला एकही माणूस दोराला शिवला नाही. आसपासच्या गावांना निरोप गेले, तिथूनही कुणी आलं नाही. वाड्यावरच्या नोकरांना हुकूम झाला. पण मेल्या ढोराला हात लावला तर जात वाळीत टाकील, म्हणून तेही परसदारानं पसार झाले. हत्ती आणला, पण त्याच्या दोराचं दुसरं टोक म्हशीला बांधणार कोण? आणि आणखी नवल असं सांगतात की, गिधाडं वरून घिरट्या घालत, पण एकही खाली उतरलं नाही. म्हैस तिथंच फुगत राहिली.

त्याच आठवड्यात मोठे सामने होते. लांबलांबचे साहेब यायचे होते. खरं सांगायची लाज वाटून सरकारांनी तिच्यावर लांबूनच हिरव्या फांद्या टाकवल्या आणि अत्तर फवारलं. त्या दुर्गंधीत अत्तराचा गोडवा मिसळला आणि माणसांना श्वास घेववेना. साहेब लोक नाक दाबून खेळत होते. शेवटच्या होलावर सरकारांचा चेंडू घरंगळत गेला आणि फांद्यांतून आत शिरून त्या फुगल्या पोटाला टेकला.

सगळे थांबले. हसलेला तो पाहुणाही तिथं होता. तो शांतपणे म्हणाला, “सरकार, चेंडू जिथं पडला तिथूनच ना?”

नाही म्हणायची सोय नव्हती. सरकारांनी डोळे मिटून काठी फिरवली. ती चेंडूला लागलीच नाही. पोट फाटलं, आणि आत जे जे कुजलं होतं ते त्यांच्या तोंडावर, मिशीवर, रेशमी फेट्यावर उसळलं. साहेब मागे पळाले. टॉवेल घेऊन जवळ जायला एकही नोकर धजला नाही. पुढं सरकारांनी कितीही आंघोळी केल्या तरी ताटावर बसलं की त्यांना तोच वास यायचा म्हणे. शेवटी ते अन्नावाचून झिजून गेले.

सामने मोडल्यावर ठकूबाई येसनाकाकडे आली. त्याच्या पाठीचे वळ अजून ओले होते. “ओढू नगंस,” ती म्हणाली. “माझ्यासंगं माती तेवढी घाल.”

“ओढणार न्हाई म्हणलं व्हतं,” येसनाक म्हणाला, “पुरणार न्हाई असं नव्हतं म्हणलं.”

दोघांनी तिथंच खड्डा खणला आणि म्हशीला रेडकासकट मूठमाती दिली. गाव लांबून बघत होतं. त्यानंतर त्या वस्तीनं ढोर कधीच ओढलं नाही.

आजही नवव्या होलाच्या जागेवर कुणी खेळत नाही. आणि आजही कोळगिरीत कुणाचं जनावर मेलं तर मजूर लावत नाहीत. पाटील असो की सरपंच, धन्यानं स्वतः खड्डा खणायचा, स्वतः माती लोटायची. भोवती गाव उभं असतं आणि धन्याच्या तोंडाकडे बघत असतं. माती पुरती पडेपर्यंत त्यानं नाकाला पदर, रुमाल काही लावायचा नाही, असा तिथला दंडक आहे.