राजाचा कोरडा घास

शेंदूरगडाच्या राजानं पाणपोई बंद करायचा हुकूम सोडला. कारण काय, तर ऐन वैशाखात त्याच्या लाडक्या हत्तीला रोज दोनदा अंघोळ हवी होती आणि गडावरचं टाकं तळाला चाललं होतं.

पाणपोई होती महादरवाजाशी. गड चढून येणारा माणूस तिथं टेकायचा, गार पाणी प्यायचा आणि मगच आत शिरायचा. ती चालवायची चिमा, पखालीनं पाणी वाहणाऱ्या दौलूची लेक. आदल्याच दुपारी एक मोळीवाली म्हातारी चिमाच्या पुढ्यात भोवळ येऊन कोसळली होती. घोट घोट पाणी पाजलं तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. ती म्हातारी पुन्हा चढून येणार होती आणि तेव्हा रांजण पालथा असणार होता.

चिमा तडक दरबारात गेली.

"महाराज, पाण्यावाचून माणूस उभा राहत नाही. पाणपोई राहू द्या."

"माणूस हाडामांसाचा असतो, पोरी," राजा म्हणाला. "मी तूप खातो, दूध पितो, जोर काढतो. पाण्याचं काय एवढं? इकडून जातं, तिकडून निघून जातं."

दिवाणजी हसले. ते नेहमी महाराजांच्या आधी हसत, म्हणजे मागे पडायची भीती नको.

"अंगात पाणी असतं, महाराज," चिमा म्हणाली. "त्याच्यावरच सगळं चालतं."

"माझ्या अंगात? मग काढून दाखव." राजाला चेव चढला. "पण ऐक. रक्त काढायचं नाही. घाम फोडायचा नाही. रडवायचं तर नाहीच. मला बोट लावायचं नाही आणि पाण्याचा थेंब पाजायचा नाही. उद्या दरबार उठायच्या आत जमलं तर पाणपोई राहील. नाहीतर तुझे रांजण हत्तीखान्यात!"

"आणि मी दाखवीन ते पाहाल, महाराज?"

"पाहीन की. मी काही डोळ्यांवर पट्टी बांधून बसत नाही."

घरी दौलूनं कपाळाला हात लावला. "अगं, राजाशी पैज लावून आलीस?"

"मी कुठं लावली, आबा? त्यांनीच लावली. घरात सातूचं पीठ आहे ना?"

शेंदूरगडाची एक जुनी रीत होती. निकालाच्या दिवशी फिर्यादीनं घरचा घास आणायचा, राजानं तो तोंडात घ्यायचा आणि तो गिळल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. कुणी लाडू आणी, कुणी दहीभात. दुसऱ्या दिवशी दरबारात चिमानं केळीच्या पानावर सातूचं कोरडं पीठ पुढं केलं.

"हे कालवून आणायचं असतं," दिवाणजी म्हणाले.

"कालवायला पाणी लागतं, दिवाणजी. ते बंद आहे ना."

"आम्हाला कोरडं चालतं," असं म्हणून राजानं भली मोठी मूठ तोंडात टाकली.

एकदा चावलं. दोनदा चावलं. मग जबडा थांबला. पीठ टाळूला चिकटलं, जिभेला चिकटलं, गालांत थापून बसलं. थुंकावं तर रीत मोडते, गिळावं तर गिळवत नाही. राजाचे डोळे मोठे झाले. त्यानं झारीकडे बोट केलं. सेवक धावला.

"प्या, महाराज," चिमा म्हणाली. "पाण्यावाचून चालत नाही हे कबूल असेल तर प्या."

राजानं सेवकाला हातानंच मागे सारलं.

"फफ्फ," तो म्हणाला, आणि दिवाणजींच्या शेल्यावर पांढरा ढग बसला.

"आज्ञा नीट कळली नाही, महाराज," दिवाणजी शेला झटकत म्हणाले.

चिमा समोर मांडी घालून बसली. पदराची गाठ सोडून तिनं हिरव्यागार कैरीच्या फोडी काढल्या, त्यांना तिखटमीठ चोळलं आणि एक फोड कर्रकन चावली. तिचा एक डोळा आपोआप मिटला. तिकडं दरबारातल्या सनईवाल्याचा सूर घसरला आणि सनईतून नुसते बुडबुडे वाजू लागले. दिवाणजींनी आवंढा गिळला. राजानं मान फिरवली.

"पाहीन म्हणाला होतात, महाराज."

राजानं पाहिलं. चिमानं दुसरी फोड घेतली आणि ती चाटत चाटत, सावकाश खाल्ली. राजाचे गाल हलले. पीठ ओलं झालं, सैल झालं, आणि घास खाली उतरला.

"अगं ए, आधी ती कैरी बंद कर!"

"करते. पण महाराज, झारी तर तिथंच आहे. मग हा घास उतरला कशावर?"

राजानं ओठांवरून जीभ फिरवली. ती ओली होती.

"आपण सकाळी जे पाणी प्यायलात, त्यातलंच हे तोंडाला सुटलं. रक्त त्याच्यावर वाहतं, घास त्याच्यावर उतरतो, पाणपोई बंदचा हुकूमसुद्धा त्याच्यावरच तोंडातून निघाला. गड चढणारा आपल्या अंगातलं पाणी घामात घालवून येतो. त्याच्यासमोर मी पाटीभर कैऱ्या खाल्ल्या तरी त्याचा घसा ओला व्हायचा नाही."

राजा गडगडाट करून हसला. दाढीतलं उरलंसुरलं पीठ उडालं. या वेळी दिवाणजी मागे पडले.

"पाणपोई चालू! आणि अर्ध्या चढावर आणखी एक घाला. हत्ती जाईल नदीवर, त्याला चार पाय आहेत." राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून चिमाला दिलं.

चिमा मुजरा करून वळली.

"थांब. उरलेल्या फोडी कुठं चालवल्यास? इकडं आण."

"देते, महाराज. पण आधी झारी रिकामी करा. मघाशी बरंच खर्ची पडलंय."