रेवडीची उजवी बाजू

“…मग आबा, कुठला विषय सोडू? एवढंच सांगा.”

शर्वरी ढमढेरे एरवी कुणाला काही विचारणाऱ्यांतली नव्हे. कृषी विद्यापीठात कृषी-व्यवसाय आणि अश्वविज्ञान एकदम शिकायला घेणारी ती पहिलीच, आणि दोन्हींत अव्वल! नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण आज तिचा आवाज पार रडवेला झाला होता.

कारणही तसंच होतं. “दोन डगरींवर पाय ठेवतेस, तोंडघशी पडशील,” असं विभागप्रमुख सरनाईक तिला वर्षभर ऐकवत होते. शेवटी त्यांनी अटच घातली. विद्यापीठाच्या भाजीबाजारातून रेवडी घोडी चालवत नेऊन दाखव, मग खुशाल दोन्ही शीक. घोडी अडली, तर कुठला तरी एक विषय सोडायचा.

बाजार भरणार होता संध्याकाळी. आणि सकाळी सरावाला, रिकाम्या बाजारातच रेवडी अडली होती. उजवीकडच्या पालाची ताडपत्री फडफडली मात्र, बाईसाहेब मागच्या पायांवर!

आबा म्हणजे अश्वशाळेतले सगळ्यांत जुने गुरू. बोलणं मोजकंच. ते उठले, रेवडीजवळ गेले आणि तिच्या डाव्या डोळ्यावर त्यांनी तळहात धरला.

“हा डोळा ठेवू, की पलीकडचा?”

“आबा, थट्टा नको हो! इथं माझा जीव टांगणीला लागलाय.”

आबा वळसा घालून उजवीकडं गेले. रेवडी बिचकली. तिच्या जन्मापासून तिच्याजवळ असलेल्या आबांना बिचकली!

“रोज कुठून येतेस हिच्याजवळ?”

“डावीकडून. लगाम, खोगीर, चालवणं… सगळं डावीकडूनच. रीतच आहे ना तशी?”

“हं…”

“मग रीत चुकीची आहे का?”

आबांनी रेवडीच्या उजव्या डोळ्याकडं बोट दाखवलं.

शर्वरी घोडीकडं बघत राहिली. डाव्या डोळ्यानं जे रोज बघितलं, ते उजव्यानं कधी बघितलंच नव्हतं. अगं बाई! म्हणजे वर्षभर ती अर्ध्याच घोडीला शिकवत होती.

दुपारभर ती रेवडीच्या उजवीकडून हलली नाही. ताडपत्री आधी लांबून दाखवली, मग जवळून, मग हळूच पाठीवरून फिरवली. घोडी फुरफुरली, थरथरली, दोनदा तिनं दावं ओढून बघितलं. उन्हं कलली तेव्हा कुठं तिनं मान सैल सोडली.

संध्याकाळी बाजार फुलला. मेथीच्या जुड्या, कोबीचे ढीग, भावाची घासाघीस, नुसता कलकलाट. शर्वरी रेवडीच्या उजव्या अंगानं चालत निघाली.

ताडपत्री फडफडली.

रेवडीचे कान ताठ…

आणि रेवडी चालू लागली! टापा वाजवत, शेपटी उडवत, लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखी!

“शाब्बास गं वाघिणी!” भाजीवाल्या ओरडल्या. कुणी गाजरं पुढं केली. शर्वरीचे डोळे वाहायला लागले, आणि तिनं खुशाल वाहू दिले. इतका आनंद तिला कुठल्या निकालानं कधी दिला नव्हता.

सरनाईक आबांबरोबर बाजाराच्या फाटकाच्या मधोमध उभे होते. त्यांनी लांबूनच हात वर केला. “जिंकलीस बाई! शीक दोन्ही!”

मग आबांकडं वळून ते कुरकुरलेच, “पण आबा, ही पुढं होणार कोण? घोड्यांची तज्ज्ञ, की व्यापारातली? काहीतरी एक ठरायला नको?”

आबांनी त्यांचा दंड धरला.

“साहेब, आधी बाजूला व्हा. घोडी येतेय.”