साहेबांची हजेरी

माझ्या लहानपणी शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. त्याचा ठणठणाट साऱ्या खोऱ्यात सारखाच ऐकू यायचा. पुढे शाळा फोनात आली. माझी नात तेजल रेंजसाठी टेकडीवर बसून शिकायची. गावाला कधी मिळाला नाही असा गणिताचा मास्तर तिला फोनात मिळाला. पण ढग उतरले की रेंज जायची.

एक दिवस शिक्षण खात्यातून तपासणीला पाटणे साहेब आमच्या घरी आले. यादी दाखवून म्हणाले, "पोरगी चाळीस दिवस गैरहजर आहे. परीक्षेला बसता येणार नाही. रेंजची सबब सांगू नका."



साहेबांनाही तपासणीच्या गावातून फोटो पाठवूनच स्वतःची हजेरी लावावी लागे. त्यांनी फोन उंच धरला, आडवा धरला, ओट्यावर चढले. फोटो जाईना.

तेजल म्हणाली, "साहेब, आज तुम्ही गैरहजर."

"अगं, मी तुझ्यासमोर उभा आहे की!"

"मीपण टेकडीवर बसलेलीच होते. आधी तुमची गैरहजेरी मांडा, मग माझी."

साहेबांनी पेन काढून तिच्या नावापुढचा शेरा खोडला, आणि फोन हातात धरून टेकडीच्या वाटेला लागले.