जावईबापूंनी टाकी सांभाळली

वेंगुर्ल्याकडच्या एका गावात एक भोळा जावई होता. भोळा म्हणायच्या त्या फक्त त्याच्या सासूबाई, कारण जावयाला मूर्ख म्हणायची रीत नाही. बाकी गाव सरळ मूर्खच म्हणे, आणि गावाचं बरोबर होतं. त्याचं नाव उल्हासराव.

सासूबाई म्हणजे चारुशीलाबाई, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. पडवीत त्यांची खाऱ्या पाण्याची छोटी काचेची टाकी होती. तीत नखाएवढ्या तुकड्यापासून सहा वर्षं वाढवलेलं जिवंत पोवळं होतं आणि त्यावर बाईंचा फार जीव. नेमका त्यांचा पाय मोडला, लेक कामासाठी परगावी गेली, आणि पोवळं आलं जावयाच्या हाती. पोवळ्याचं नशीबच फुटकं.

पोवळ्याचा सांगाडा वाढायला कॅल्शियम लागतं, म्हणून बाई रोज चुन्याची निवळी घालत. त्यांनी खाटेवरून समजावलं, चुना पाण्यात कालवून ठेवा, वरची निवळी थेंब थेंब घाला आणि गाळ टाका.

उल्हासरावांनी गाळ टाकला. टाकीत. पाण्याचं ताक झालं.

"जावईबापू," बाई दात आवळून म्हणाल्या, "टाकायचं म्हणजे बाहेर फेकायचं."

हे उल्हासरावांनी पक्कं ध्यानात ठेवलं. मूर्खाची स्मरणशक्ती फार चांगली असते.

आता पाणी बदलायलाच हवं होतं. बाई म्हणाल्या, अर्धं पाणी उपसा आणि बादलीत कालवलेलं मिठाचं नवं पाणी टाका. उल्हासरावांनी अर्धं उपसलं आणि नवं पाणी परसात भिरकावलं. अबोली करपली, पोवळं अर्धं उघडं पडलं. शेजारीण धावत आली, तिने पुन्हा पाणी कालवून टाकी भरली, म्हणून निभावलं. बाईंनी नवा धडा दिला, की टाकीत जायचं ते टाकायचं नाही, सोडायचं.

पोवळ्याला आयोडीन वगैरेही लागतं, पण अगदी किंचित. दुसऱ्या दिवशी बाईंनी खाटेवरून हाक मारून सांगितलं, बाटलीतले दोन थेंब पाण्यात सोडा.

थोड्या वेळाने उल्हासराव हात पुसत आले. "थेंब घातले. सोडाही घातला. किती ते तुम्ही बोलला नाहीत, म्हणून डबा संपवला."

बाईंनी डोळे मिटले. मग वर्गात शिकवावं तसं सावकाश सांगितलं, की इथे खायच्या सोड्याचा काही संबंध नाही. सोडायचं म्हणजे अलगद पाण्यात ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. उल्हासरावांनी मान डोलावली. ते मान नेहमीच डोलावत.

पोवळ्यावरच्या इवल्या जिवांची बहुतेक तोंडं मिटली होती. एका फांदीवरची चार-पाच तेवढी उघडी होती. बाईंनी सावंतवाडीच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, तासाभरात येतो, तोवर कोणी हात लावू नका, पोवळं वाचेल. बाईंना रडू आलं. तेवढ्यात उल्हासराव चमचा घेऊन पडवीकडे निघालेले दिसले.

बाईंनी हात जोडले. "जावईबापू, तुमच्या पाया पडते. माझी टाकी सोडा."

उल्हासरावांनी चमचा ठेवला. टाकी उचलली, स्कूटरवर पायांशी ठेवली आणि बंदराकडे गेले.

सहकारी दारात पोचला तेव्हा ते परतत होते. छातीपर्यंत ओले, आणि चेहऱ्यावर एवढं समाधान की लग्नातही नव्हतं.

"सोडली, आई," ते म्हणाले. "अगदी अलगद. तळाला टेकेपर्यंत हात काढला नाही. आणि आता पाणी बदलायचीही कटकट नाही. दिवसातून दोनदा भरती येते."