अर्ध्या वाक्याचा मुकुट

शाल्मली साडेपाच वर्षांची आहे आणि तिला ‘न्याय’ हा शब्द सापडलाय. आंघोळीला आधी ती गेली, तर हा न्याय नाही. धाकट्याला फुटलेला लाडू मिळाला, पण त्याचे दोन तुकडे झाले, म्हणून हाही न्याय नाही. मला त्या काळजीनं झोप लागेना. शब्द असाच घासून गुळगुळीत झाला, तर खरी गरज पडेल तेव्हा पोरीच्या हाती काय उरेल? शब्दकोशातला अर्थ सांगून पाहिला. तिनं जांभई दिली. तिचं चुकलं नाही, मलाही आली होती. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तिची वेणी घालता घालता मी गोष्ट सुरू केली. शेवट काय करायचा, ते देवालाच ठाऊक होतं.

एका राज्यात मेघवर्मा नावाचा राजा होता. मनाचा मोठा, हाताचा सढळ, पण कानाचा घाईचा. एकदा दरबारात एक भाऊ आणि एक बहीण आले. त्यांनी राजापुढे सोन्याचा मुकुट ठेवला. बहिणीचं नाव धूम्रा. ती चेटकीण होती.

भाऊ म्हणाला, “महाराज, हा बापामागे उरला. मी थोरला, मला मिळावा.”

धूम्रा म्हणाली, “महाराज, हा मुकुट...”

एवढ्यात मुदपाकखान्यातून पुरणाचा वास आला. राजा उठला. “तंट्याचं मूळच नको! मुकुट आमच्या मस्तकी. न्याय झाला!”

मुकुट राजाच्या डोक्यावर बसला तो बसलाच. ओढला तरी निघेना. आणि त्या दिवसापासून राज्यात कुणीही, एकाच बाजूचं ऐकून ‘न्याय’ म्हटलं, की मुकुट एका चिंचोक्याएवढा जड होई. आता लोक हा शब्द किती वापरतात! सासू सुनेला म्हणे, “हा कुठला न्याय गं?” सून भांड्यांना म्हणे. गवळी म्हशीला म्हणे. चिंचोक्यावर चिंचोका चढत गेला. राजाची मान कासवासारखी आत गेली.

राजानं दवंडी पिटवली, की हा शब्दच बंद. पहिल्याच दिवशी शिपायांनी एका म्हातारीला धरून आणलं.

“अरे बाबांनो, मी तर...”

“पुरे!” राजा गरजला. “टाका कोठडीत. हाच न्याय!”

राजाच्याच तोंडचा शब्द, म्हणून मुकुट एकदम शेरभर जड झाला. राजवैद्यानं बोटं लावून पाहिलं. “महाराज, हनुवटी छातीला टेकली की श्वास थांबेल.” मध्ये दोन बोटांचं अंतर उरलं होतं.

तेव्हा राजकन्या कुवलया उठली. “तात, हा धूम्रेचा शाप. मी उतरवून आणते.”

“जा, बाळे,” राजा खाली बघत म्हणाला. दुसरीकडे बघणं त्याला शक्यच नव्हतं.

वेशीबाहेर बाभळीवर एक कोतवाल पक्षी बसला होता. काळाभोर, दुभंगल्या शेपटीचा, कुणाचाही आवाज काढणारा. तो म्हणाला, “राजकन्ये, धूम्रेचं घर कमळतळ्याकाठी. वाटेत तीन दारं. दारोदारी एकेक तंटा. तंटा मिटला तरच दार उघडतं. सोबत येईन, पण वशिला लावणार नाही.”

पहिल्या दारात विहीर आणि पोहरा भांडत होते. पोहरा म्हणाला, “दिवसभर खालीवर करतो मी, आणि लोक हात जोडतात हिला!”

राजकन्येनं विहिरीकडे पाहिलंसुद्धा नाही. “सकाळचे नमस्कार हिला, संध्याकाळचे तुला. न्याय झाला!”

दार तसूभर हललं नाही. कोतवाल हुबेहूब राजाच्या आवाजात कण्हला, “आई गं! अजून एक चिंचोका!”

कुवलया शरमली. काठावर बसली. “विहीरबाई, तुमचं काय म्हणणं?”

“मला कुणी विचारलं होतं कधी?” विहीर घुमली. “हा येतो तो आपटतो, जाताना निम्मं सांडतो.”

मग राजकन्येनं विहिरीचं म्हणणं पोहऱ्याला सांगितलं, पोहऱ्याचं विहिरीला. दोघं म्हणाले, “हो, अस्संच!” पोहरा हळू उतरायला कबूल झाला, आणि तो उतरला की विहीर त्याच्याच नावाची हाक घुमवायला. दार उघडलं.

दुसऱ्या दारात राक्षस आणि त्याची सावली. सावली म्हणाली, “हा मला जन्मभर काट्याकुट्यांतून मागे फरपटत नेतो.” राक्षस म्हणाला, “आणि ही भर दुपारी पायांखाली शिरून गुदगुल्या करते!” कुवलयेनं या वेळी दोघांचं ऐकलं, पुन्हा म्हणून दाखवलं आणि मग निवाडा केला, “येताना सावली मागे, तर जाताना सावली पुढे. दुपारी दोघांनी झाडाखाली झोपावं.” दोघंही खूश. दार उघडलं. सावल्या अजून हा करार पाळतात. अंगणात जाऊन बघावं.

तिसऱ्या दारात स्वतः धूम्रा उभी होती.

“तुम्ही माझ्या वडिलांना शाप दिलात,” कुवलया कडाडली, “हा कुठला...”

कोतवाल खोकला. राजकन्येनं ओठ मिटले, हात जोडले. “बाई, तुमचं म्हणणं सांगा. मी मध्ये बोलणार नाही.”

“राजाचीच मुलगी ना तू?” धूम्रेनं तिला न्याहाळलं. “बरं, ऐक. त्या दिवशी मी म्हणत होते: महाराज, हा मुकुट आमचा नव्हेच. बापानं तो या तळ्यातल्या नागराणीचा चोरला. न ऐकता निवाडा करणाऱ्याला तो चिरडतो. कृपा करून डोक्यावर घेऊ नका.”

“म्हणजे शाप तुमचा नाही?”

“शाप कसला? सावध करत होते गं. तेवढ्यात तुमचं पुरण शिजलं.”

“मग सांगायला पुन्हा का नाही आलात?”

“आले होते. वेशीवरचे शिपाई म्हणाले, चेटकिणीचं ऐकायचा हुकूम नाही.”

कुवलया धूम्रेला घेऊन धावत दरबारात आली. हनुवटी आणि छाती यांच्यात आता बोटभरच जागा होती.

“हिला आधी...” राजा ओरडू लागला.

“तात, वाक्य पुरं होऊ द्या!”

राजानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं. धूम्रेनं वाक्य पुरं केलं. तिचा भाऊही दरबारात आला होता; तो कपाळाला हात लावून म्हणाला, “धूम्रे, मला हे ठाऊकच नव्हतं.” मग राजा अडखळत बोलला, “तू मला वाचवत होतीस. आणि मी जेवायला उठलो. असंच ना?”

“अस्संच, महाराज.”

मुकुट घरंगळत खाली आला आणि दारापर्यंत गडगडत गेला. राजाची मान टुणकन वर आली. कित्येक दिवसांनी त्यानं छत पाहिलं आणि तो हसत सुटला. कोठडीतल्या म्हातारीला बोलावून त्यानं स्वतः विचारलं, “आजी, तुमचं काय म्हणणं होतं?”

“मी नुसती शिंकले होते रे,” आजी म्हणाली.

मग वाजतगाजत मुकुट तळ्यावर नेला. पाणी दुभंगलं, नागराणी फणा उभारून वर आली, मुकुट घेतला आणि बुडाली. शाप सरला. शब्द पुन्हा मोकळा झाला, मात्र एका अटीवर: समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं सांगावं, मग खुशाल न्याय म्हणावा. त्या दिवशी सगळ्या राज्यानं पुरण खाल्लं, आणि ज्याचं त्याचं ज्याला त्याला मिळालं.

वेणी झाली. तात्पर्य सांगायचा मोह मी कसाबसा गिळला. शाल्मली वेणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. हिला काही कळलं की नाही, कोण जाणे. गोष्ट लांबली बहुतेक.

मग ती वळली आणि म्हणाली, “आई, पण नागराणीला कुणीच काही विचारलं नाही. तिचं काय म्हणणं होतं?”