खुर्चीची प्रशंसा

पुण्यातील एका स्पॅनिश वर्गाचे संचालक धुंडिराज खांबेटे यांना आपल्या शिष्टाचाराचा मोठा अभिमान होता. “कुणी आपल्या वस्तूची प्रशंसा केली, तर ‘आ सु दिस्पोसिसिऑन’, म्हणजे ‘ती आपलीच समजा’, असे म्हणावे. समोरच्याने आभार मानून ती नाकारावी. जो असे म्हणत नाही, तो असंस्कृत!” असे ते नित्य बजावीत.

तोंडी परीक्षेत त्यांनी यामिनी गद्रेच्या मनगटावरील घड्याळाची प्रशंसा केली. ते तिच्या दिवंगत वडिलांचे होते. तिने रीतीप्रमाणे उत्तर दिले.

“आण मग इकडे!” खांबेट्यांनी घड्याळ घेऊन स्वतःच्या मनगटावर चढविले. “शब्द दिलास ना? आता रडू नकोस.”

यामिनी रडली नाही. ती नम्रपणे म्हणाली, “सर, आपली ही संचालकांची खुर्ची फारच शोभिवंत आहे हो!”

सारा वर्ग कान टवकारून बसला. गप्प राहावे तर असंस्कृत ठरणार, उत्तर द्यावे तर खुर्ची जाणार. खांबेट्यांनी मुकाट्याने घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवले आणि मगच पुटपुटले, “आ सु दिस्पोसिसिऑन.”

“आभारी आहे, सर,” घड्याळ बांधत यामिनी म्हणाली, “खुर्ची असू द्या आपल्याकडेच.”