आठ दरवाज्यांचं उपरणं

धवळगडाला आठ दरवाजे होते. ते बंद आहेत की उघडे, एवढं सांगायला रोज संध्याकाळी आठ घोडेस्वार दरबारात येत. एका साली गडावरचा चारा संपत आला, तेव्हा महाराजांनी घोडी कमी करायला सांगितली. दिवाण तात्यासाहेब हटेनात. "आठ दरवाज्यांची वर्दी एकट्याच्या ध्यानात राहील कशी?"

कारकून दादंभट इतका विसराळू, की मीठ आणायला जाई आणि पागोटं हरवून येई. म्हणून बायको त्याच्या उपरण्याच्या दशांना, म्हणजे काठाला लोंबणाऱ्या दोऱ्यांना, गाठी मारून त्याला बाजारात धाडी. पहिली दशा मिठाची, दुसरी तेलाची; जिला गाठ, ते आणायचं.

दिवाणांचं बोलणं ऐकलं त्या संध्याकाळी तो एकटाच एका घोड्यावरून आठही दरवाजे फिरून आला आणि त्यानं उपरणं महाराजांपुढे धरलं. "दरवाजा बंद असेल तर त्याच्या दशेला गाठ. तिसरी मोकळी आहे, म्हणजे तिसरा दरवाजा उघडा. यातलं डोकं माझं नाही महाराज, बायकोचं आहे."

महाराजांनी माणूस धाडला. तिसरा दरवाजा उघडाच निघाला. सात घोड्यांना सुट्टी मिळाली.

दिवाण मात्र खवळले. "मग आम्हा आठ मानकऱ्यांचा कौलही बांध तुझ्या उपरण्यात. दरबारात आमचं तरी काय काम?"

नोकरी गेलीच, असं धरून दादंभट हात जोडून म्हणाला, "त्याला दशा लागत नाहीत, दिवाणसाहेब. जिथं कधी हो असतं आणि कधी नाही, तिथंच गाठ मारायची. महाराज काहीही म्हणोत, आपण आठही जण हो म्हणता. तेवढं माझ्यासुद्धा ध्यानात राहतं."